लिव्हरचा कॅन्सर आणि जीन एक्स्प्रेशन : रिपोर्ट हातात आल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीचा किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहायचा, हे माझं रोजचं काम. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं दारातून आत डोकावतात आणि म्हणतात, ‘मॅडम, एकच मिनिट.’ लिव्हरच्या गाठीचा रिपोर्ट असेल तर त्या एका मिनिटाचा अर्धा तास होतो, आणि व्हावाच. हल्ली त्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो. मोबाइलवरचा एखादा आलेख पुढे धरून मुलगा किंवा सून विचारते, ‘हा जीन जास्त असला की पेशंट लवकर जातो, असं लिहिलंय. बाबांचा हा जीन तपासता येईल का?’

हे पान त्यांच्यासाठी आहे. इथे फक्त हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाबद्दल लिहिलं आहे. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींतून सुरू होणारा हा कॅन्सर. आतड्यातून किंवा दुसरीकडून लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर हा वेगळा आजार आहे, त्याला यातलं काही लावू नका.

जीन एक्स्प्रेशन म्हणजे नेमकं काय?

आपल्या सोसायटीची मीटर रूम आठवा. सगळ्या फ्लॅटचं वायरिंग एकाच नकाशावरून झालेलं असतं. पण कुठल्या घरात किती वीज जळते हे नकाशा बघून कळत नाही, त्यासाठी मीटर वाचावं लागतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो, त्यावर प्रथिनं बनवणारे सुमारे २०,००० जीन असतात. लिव्हरच्या पेशीत त्यातले काही जोरात चालू असतात, काही मंद, काही कायमचे बंद. जीन चालू असला की त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. या नकला किती निघाल्या याचं मोजमाप म्हणजे जीन एक्स्प्रेशन. म्हणजे मीटरचं रीडिंग.

म्युटेशन हा निराळा विषय. ते वायरिंगमधला बिघाड. बिघाड झाला की रीडिंग बहुधा बदलतं, पण वायरिंग धड असतानाही रीडिंग वाढू शकतं. लोक या दोन्ही टेस्टना ‘जीन टेस्ट’च म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

म्हणजे हा आजार आनुवंशिक आहे? मुलांना होईल का?

गाठीतल्या जीनचं रीडिंग मुलांकडे जात नाही. ते त्या गाठीपुरतं असतं.

मात्र घरात पसरू शकते अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हिपॅटायटिस बी. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी, आणि रक्तातून किंवा शरीरसंबंधातून. आजाराचं मूळ हिपॅटायटिस बी असेल तर भावंडं, जोडीदार, मुलं, सगळ्यांनी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि निगेटिव्ह असणाऱ्यांनी लस घ्यावी. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला. कुठल्याही महागड्या जीन टेस्टपेक्षा ही तपासणी तुमच्या घराला जास्त देऊन जाईल, म्हणून मी ती न विचारताही सांगते.

आमच्या फाइलमध्ये अशी एखादी टेस्ट आधीच आहे का?

बहुतेक वेळा आहे. एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन.

बाळ पोटात असताना त्याचं लिव्हर हे प्रथिन भरपूर बनवतं. जन्मानंतर तो जीन हळूहळू बंद होतो आणि मोठ्या माणसाच्या रक्तात एएफपी नावापुरतं उरतं. लिव्हरची पेशी कॅन्सरची झाली की अनेकदा तिला जुनी सवय आठवते. वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या फ्लॅटचं मीटर अचानक पळायला लागावं, तसं. १९६३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव्ह यांना लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांमध्ये हे दिसलं, आणि १९६४ मध्ये तातारिनोव्ह यांनी माणसांत दाखवलं. तेव्हापासून आपण एका जीनचं रीडिंग रक्तातून घेत आलो आहोत, फक्त त्याला जीन एक्स्प्रेशन म्हणत नाही.

एएफपीच्या एका आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. उपचारानंतर उतरला, उतरलेला टिकला, की पुन्हा चढायला लागला? म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका, तारीखवार लावून ठेवा. आणि एएफपी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच गाठी हा जीन चालू करतच नाहीत. उलट हिपॅटायटिस भडकला असताना कॅन्सर नसतानाही एएफपी वाढलेलं दिसतं.

रिपोर्टमध्ये ‘ग्लिपिकॅन-३ पॉझिटिव्ह’, ‘सीके १९ निगेटिव्ह’, ‘केआय-६७ १५ टक्के’ असं लिहिलंय. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट?

पॉझिटिव्ह हा शब्द वाचून माणसं इतकी घाबरतात की मी आता तो तोंडी समजावल्याशिवाय रिपोर्ट देत नाही.

या इम्युनो टेस्ट आहेत. काचेवरच्या पातळ कापावर आम्ही एक रसायन टाकतो आणि ठरावीक प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग चढतो. हीसुद्धा जीनच्या कामाची खूण आहे, फक्त आरएनए न मोजता थेट प्रथिन बघितलं जातं. ग्लिपिकॅन-३, हेपपार-१, आर्जिनेज-१ या टेस्ट ‘ही गाठ लिव्हरच्या पेशींचीच आहे ना’ एवढं पक्कं करायला असतात. तिथे पॉझिटिव्ह येणं म्हणजे निदान जुळलं.

सीके १९ चं तसं नाही. हा एरवी पित्तनलिकांच्या पेशींत चालू असणारा जीन. तो लिव्हरच्या गाठीत चालू दिसला तर गाठ जास्त आक्रमक असण्याची आणि परत येण्याची शक्यता वाढते, हे अनेक ठिकाणी दिसून आलं आहे. केआय-६७ चा आकडा म्हणजे किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत.

शास्त्रज्ञांना नेमके कुठले जीन सापडले आहेत?

नावांची यादी देऊन उपयोग नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एक काम सांगते.

२००८ मध्ये युजिन होशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे जुने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेले तुकडे, घेतले, त्यातले काही तर २४ वर्षांहून जुने. त्या ब्लॉकमधून त्यांनी हजारो जीनचं रीडिंग काढलं. आधी जपानमधल्या ८२ रुग्णांवर, मग अमेरिका आणि युरोपातल्या २२५ रुग्णांवर पडताळून बघितलं. गाठीतल्या रीडिंगवरून कोण किती जगला याचा मेळ बसेना. मेळ बसला तो गाठीच्या शेजारच्या, कॅन्सर नसलेल्या लिव्हरमधल्या १८६ जीनच्या ठशाशी.

शेती बघितलेल्या माणसाला हे पटकन कळतं. तण मुळासकट उपटलं, तरी जमीन तीच असते. लिव्हरचा काही भाग काढल्यावर ५ वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत आजार परत दिसतो. पहिल्या दोन वर्षांत परतणारा बहुधा जुन्याच गाठीच्या निसटलेल्या पेशींचा असतो. त्यानंतरचा अनेकदा नवा कॅन्सर असतो, त्याच सिरॉसिसच्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरच्या, जमिनीत उगवलेला. म्हणून ‘गाठ गेली ना, मग आता हिपॅटायटिसच्या गोळ्या कशाला’ किंवा ‘थोडी घेतली तर काय होतं’ असं कुणी म्हणालं की मला हे १८६ जीन आठवतात. उरलेलं लिव्हर सांभाळणं हाच उपचार आहे.

दुसरं काम गाठीवरचं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने फक्त ५ जीनचा स्कोअर मांडला : टीएएफ९, रॅम्प३, एचएन१, केआरटी१९ आणि आरएएन. ऑपरेशन झालेल्या रुग्णांत तो चांगला चालला. यातला केआरटी१९ म्हणजेच वरचा सीके १९, बरं का.

इंटरनेटवर एका जीनचा आलेख बघितला. वरची रेघ आणि खालची रेघ यांत एवढा फरक! मग तो जीन महत्त्वाचाच असणार ना?

इथे जरा थांबून वाचा.

हे आलेख बहुतेक वेळा एकाच साठ्यातून काढलेले असतात. अमेरिकेच्या ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ प्रकल्पात लिव्हरच्या साडेतीनशेहून जास्त गाठींची माहिती सर्वांसाठी खुली आहे. आता कुणीही लॅपटॉपवर बसून एक जीन निवडतो, रुग्णांचे ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट करतो आणि कोण किती जगलं याच्या दोन रेघा काढतो. साठा उत्तम आहे, मी स्वतः तो वापरते. अडचण गणितात आहे. ‘हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता २० त १ पेक्षा कमी’ अशी चाळणी लावली आणि २०,००० जीन तपासले, तर ज्यांचा आजाराशी काडीचाही संबंध नाही असे हजारभर जीन नुसत्या योगायोगाने चाळणीतून खाली पडतील. त्यात ‘जास्त’ आणि ‘कमी’ची सीमारेषा सोयीने सरकवली की आणखी पडतील.

दुसरी गोष्ट मायक्रोस्कोपवर बसणाऱ्याला जास्त जाणवते. वेगाने वाढणाऱ्या गाठीत पेशीविभाजनाचे शेकडो जीन एकदमच चढतात. त्यातला कुठलाही एक उचला, आलेख सुंदर येणारच. पण तो तेच सांगत असतो जे स्लाईडवर विभाजन होणाऱ्या पेशी मोजून मला आधीच दिसलेलं असतं. नव्या जीनला विचारायचा खरा प्रश्न असा : गाठीचा आकार, संख्या, एएफपी आणि लिव्हरची अवस्था माहीत असताना तू काय नवीन सांगतोस? आणि दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या रुग्णांवरही तेच सांगतोस का? या दोन प्रश्नांपुढे बहुतेक आलेख टिकत नाहीत.

शिवाय त्या रेघा गटाच्या आहेत. खालच्या रेघेतही वर्षानुवर्षं जगलेली माणसं असतात. तुमचे बाबा म्हणजे ती रेघ नव्हे.

ब्रेस्ट कॅन्सरमध्ये २१ जीनची टेस्ट करून केमो द्यायची की नाही ते ठरवतात. आमच्या काकूची केली होती. मग लिव्हरला का नाही?

कारण लिव्हरच्या पेशंटला एकाच वेळी दोन आजार असतात. कॅन्सर आणि सिरॉसिस. गाठ शांत असून माणूस लिव्हर निकामी होऊन जाऊ शकतो. गाठीतल्या जीनना ते कळत नाही.

दुसरं कारण, हातात तुकडाच नसतो. सिरॉसिस असलेल्या माणसाच्या ट्रायफेजिक (औषध टोचून वेगवेगळ्या टप्प्यांत काढलेल्या) सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ सुरुवातीला चमकून नंतर फिकी पडताना दिसली, तर बायोप्सी न करताही निदान पक्कं धरता येतं. सुई घातली तर रक्तस्राव आणि सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो. पूर्वीच्या अभ्यासांत तो ३ टक्क्यांच्या आतबाहेर दिसला होता. मग निदान झालेलं असताना केवळ जीनसाठी सुई घालायची का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे असतो. तेव्हा फक्त जीन बघायला बायोप्सी करा, असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. त्यांनी स्वतःहून सांगितली तर मात्र घाबरून टाळूही नका.

तिसरं, आपण शितावरून भाताची परीक्षा करतो कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. लिव्हरची गाठ तशी नसते. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतलं रीडिंग वेगळं येतं आणि दोन गाठी असतील तर त्या मुळात दोन स्वतंत्र कॅन्सर असू शकतात. बायोप्सीचा तुकडा शेवईएवढा असतो.

या सगळ्यामुळे आजवर लिव्हरसाठी एकही जीन एक्स्प्रेशन टेस्ट रोजच्या उपचारांच्या नियमांत बसलेली नाही. कुणी मोठी रक्कम मागून ‘आयुष्य सांगणारी जीन टेस्ट’ देऊ करत असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकच विचारा : या रिपोर्टने तुमचा उपचार बदलेल का?

औषध निवडायला तरी उपयोग होतो का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आजार कुठल्या वाटेने जाईल हे सांगणारी खूण एक, आणि अमुक औषध लागू पडेल का हे सांगणारी खूण दुसरी. एकच खूण दोन्ही कामं करेल असं नसतं.

उदाहरण पुन्हा एएफपीचंच. रॅम्युसिरुमॅब हे औषध आधी सरसकट रुग्णांत वापरून बघितलं तेव्हा आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. ज्यांचं एएफपी ४०० किंवा त्याहून जास्त होतं त्यांच्यात फायदा दिसला, म्हणून फक्त अशाच रुग्णांवर नवी चाचणी केली. २०१९ मध्ये तिचे निकाल आले : आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात तो आकडा) ८.५ महिने, औषधाशिवाय ७.३. फरक लहान आहे, पण खुणेवरून रुग्ण निवडून लिव्हरच्या कॅन्सरमध्ये औषध सिद्ध करण्याची वाट त्यातून दिसली.

इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती वापरणाऱ्या औषधांसाठी, गाठीतल्या प्रतिकारपेशींच्या जीनवर काम चालू आहे. अजून त्यावर औषध ठरत नाही.

मग डॉक्टर पुढचा अंदाज कशावरून बांधतात?

गाठी किती, केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्यात का, लिव्हरबाहेर गेल्यात का. लिव्हर किती शाबूत आहे : रक्तातलं बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), पोटात पाणी, बुद्धीवर परिणाम या पाचांवरून चाइल्ड-प्यू ही लिव्हरची श्रेणी ठरते : ए सर्वांत चांगली, सी सर्वांत वाईट. आणि पेशंट स्वतःची कामं स्वतः करतो का. हे तिन्ही एकत्र करून आजाराची बीसीएलसी नावाची पायरी ठरते. १९९९ मध्ये बार्सिलोनात ती मांडली गेली, वेळोवेळी सुधारली गेली. ऑपरेशन झालं असेल तर माझ्या रिपोर्टमधली एक ओळ नक्की शोधा : ‘मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’. बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि महिन्यांचे आकडे वाचाल तेव्हा साल बघा. २००८ मध्ये सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत आयुष्याचा मध्यक १०.७ महिने होता. २०२० मध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी आली, तिच्या पुढच्या पाहणीत तो १९.२ महिने निघाला. दोन्हीकडे मुख्यतः लिव्हर चांगलं असलेले रुग्ण होते. जुन्या काळातले आलेख आजच्या पेशंटला लावले तर ते उगाच हाय खायला लावतात.

ब्लॉक आणि स्लाईड आम्ही घरी ठेवायच्या का? त्यांचं करायचं काय?

तुमच्या माणसाची ही सर्वांत मौल्यवान वस्तू आहे, असं मी मनापासून सांगते. ब्लॉक म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेली मेणाची चकती, आगपेटीपेक्षा लहान. त्यात मधोमध तो तुकडा दिसतो : निरोगी लिव्हर चॉकलेटी, गाठ बहुधा करडी-पांढरी. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा खारघरला अ‍ॅक्ट्रेकला (टाटाच्याच कॅन्सर केंद्राला) गेलात तर तिथे ब्लॉक आणि स्लाईड मागतात. लॅबमधून ते सही करून ताब्यात घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवा, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. रिपोर्टच्या झेरॉक्स चार काढा.

तुकडा बिघडतो तो ब्लॉक होण्याच्या आधी. आरएनए फार नाजूक असतो. तुकडा बाहेर आला की लगेच फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, बुडायला हवा, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. मागे एका नर्सिंग होममधून संध्याकाळी एक बाटली आली. झाकण उघडलं तर डोळ्याला झोंबणारा तो वास नाही. तुकडा सकाळपासून सलाइनमध्ये तरंगत होता. मी त्यातून निदान केलं, पण पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या आणि पुढची कुठलीच टेस्ट त्यावर झाली नाही. त्या बाईंना पुन्हा सुई घ्यावी लागली. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. बायोप्सीच्या वेळी बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी ‘तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला ना?’ एवढं नम्रपणे विचारलं तर कुणी रागावणार नाही. रागावलं तरी विचारा.

संशोधनासाठी तुकडा द्यायला सांगितलं. द्यावा का?

माझं मत, द्यावा. निदानाला लागणारा भाग आधी बाजूला ठेवला जातो आणि उरलेलाच संशोधनाला जातो, हे संमतिपत्रात बघून घ्या. संमती मराठीत समजावून मागा, नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे आणि त्याने उपचार अडत नाहीत. जपान आणि फ्रान्समधल्या लिव्हरवरून काढलेलं रीडिंग आपल्याकडे तसंच चालेल याची खात्री आपल्याच लोकांच्या ब्लॉकवरून होईल.

रक्तातून हे सगळं कळत नाही का?

गाठीचा डीएनए रक्तात सापडतो आणि त्यावर खूप काम चालू आहे. सध्या जोखीम असलेल्या माणसाने करायचं ते साधंच आहे : दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला एएफपी.

पॅथॉलॉजिस्टना आम्ही थेट भेटू शकतो का?

भेटा. फोन करून वेळ घ्या आणि या. माझ्या टेबलावर दोन माणसांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप आहे. मागच्या पावसाळ्यात कळव्याहून एक मुलगा आला होता, आईच्या ऑपरेशननंतर. मोबाइलमध्ये सात जीनची नावं लिहून आणली होती. मी त्याला समोर बसवलं आणि स्लाईड लावली. गाठीच्या पेशी दाखवल्या, जाड दोरखंडासारख्या ओळीत बसलेल्या, त्यांची मोठी गडद केंद्रकं दाखवली. रक्तवाहिन्या एकेक करून बघितल्या, रिकाम्या होत्या. त्याने बराच वेळ डोळा काढला नाही. मग मोबाइल खिशात ठेवला आणि विचारलं, ‘मॅडम, गाठ दिसली. पण आईकडे आता जे लिव्हर उरलंय, ते कसं आहे?’

मी स्लाईड डावीकडे सरकवली.